पावसाळ्यानंतरची रापण

मालवण तालुक्यातील देवबाग ही कर्ली नदी व समुद्र यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी आहे. नारळी पौर्णिमेनंतर लाटांचा जोर ओसरला की अशा किनाऱ्यावर रापण सुरू होते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात. या काळात तारली व बांगडा किनाऱ्याजवळ येतात.

पावसाळी वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते व त्याची जागा खोलवरचे थंड, पोषकद्रव्ये असलेले पाणी घेते. त्यावर सूक्ष्म प्लवक वाढतात आणि ते खाण्यासाठी माशांचे थवे जमतात. मात्र पावसाळ्याच्या अखेरीस तळाकडील या पाण्यात प्राणवायू कमी होतो. त्यामुळेही मासा वर व किनाऱ्याकडे सरकतो.

पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी आणि काळसर दिसणारा पाण्याचा पट्टा ही थव्याची लक्षणे होत. थवा लहान पिल्लांचा असल्यास जाळे टाकू नये. पिल्लांना भाव मिळत नाही व पुढील हंगामाचे बीज मात्र नष्ट होते. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले आहे, ते पाळावे.

शांत समुद्रावर विसंबू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळात कोकणातील अनेक मच्छीमार बांधव बळी पडले. म्हणून होडी लोटण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा ऐकावा आणि बंदरावरील बावटा पाहावा. बावटा लागला असल्यास होडी किनाऱ्यावरच ठेवावी.