पहिली संगणक-भाषा शिकताना

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "मुलाला कॉम्प्युटरची कोणती भाषा शिकवावी?" या प्रश्नात आस्था असते, तशीच धास्तीही असते. घरात यापूर्वी कोणी संगणक शिकलेले नसते. मुलाचे इंग्रजी बेताचे असते. अशा वेळी चिचगडसारख्या गावातून निघालेल्या मुलाला प्रोग्रामिंग झेपेल काय, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेख हा विषय मुळीच ठाऊक नसलेल्या वाचकासाठी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातील गावोगावच्या तरुणांना संगणक वापरायला शिकवले. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, ई-मेल पाठविणे ही कौशल्ये आवश्यकच आहेत. परंतु तेथे आपण इतरांनी तयार केलेली साधने वापरत असतो. प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाने काय करावे, हे आपण स्वतः लिहून त्याला सांगणे. असे सांगण्यासाठी ज्या काटेकोर भाषा तयार झाल्या, त्या संगणक-भाषा होत.

आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने धानाची ३८ पोती आणली. प्रत्येक पोत्यात ४० किलो धान आहे. एकूण किती क्विंटल झाले? ३८ गुणिले ४० म्हणजे १५२० किलो, भागिले १०० म्हणजे १५.२ क्विंटल. हेच संगणकाला सांगताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात. 'पोती' या नावाखाली ३८ हा आकडा ठेव. 'वजन' या नावाखाली ४० ठेव. दोहोंचा गुणाकार करून १०० ने भाग आणि उत्तर दाखव. आकडा ज्या नावाखाली ठेवतात, त्या नावाला 'चल' म्हणतात. उद्या ३८ ऐवजी ५२ पोती आली तर केवळ एक आकडा बदलायचा. रीत तीच राहते.

आता निर्णयाकडे वळू. शासकीय खरेदीच्या निकषांनुसार धानात जास्तीत जास्त १७ टक्के ओलावा चालतो. म्हणून संगणकाला सांगायचे : ओलावा १७ पेक्षा जास्त असेल तर 'वाळवून आणा' असे दाखव, अन्यथा 'स्वीकारा' असे दाखव. केंद्रावर शंभर शेतकरी आले, तर हीच कृती शंभर वेळा कर, असेही त्याला सांगता येते. चल, निर्णय आणि पुनरावृत्ती हे सर्व प्रोग्रामिंगचे तीन आधारस्तंभ आहेत. पऱ्हे टाकल्याशिवाय रोवणी होत नाही, हे ज्याला कळते त्याला आज्ञांचा क्रम का महत्त्वाचा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

नवशिक्याची खरी कसोटी चुकांपाशी लागते. काही चुका संगणक स्वतःच दाखवतो. एखादा कंस राहिला, अक्षर चुकले, की तो थांबतो आणि साधारण कोणत्या ओळीत अडले ते सांगतो. पडद्यावरचा तो संदेश पाहून अनेक विद्यार्थी खचतात; आपल्याला हे जमणारच नाही, असे त्यांना वाटते. वस्तुतः तो संदेश म्हणजे दुरुस्तीचा पत्ता असतो. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्या अभियंत्यांनाही तो रोज दिसतो.

दुसऱ्या प्रकारच्या चुका संगणक दाखवत नाही. पायथॉन या भाषेत कळफलकावरून ३८ आणि १२ घेऊन बेरीज करायला सांगितली, तर नवशिक्याला अनेकदा ५० ऐवजी ३८१२ असे उत्तर मिळते. याचे कारण असे की कळफलकावरून आलेली गोष्ट ती भाषा मजकूर समजते आणि दोन मजकूर एकापुढे एक जोडते. 'याला संख्या मान' असे स्पष्ट सांगावे लागते. याहून गंभीर चूक वरच्या उदाहरणात दडलेली आहे. '१७ पेक्षा जास्त' ऐवजी कोणी '१७ किंवा त्याहून जास्त' असे लिहिले, तर प्रोग्राम विनातक्रार चालेल. पण नेमका १७ टक्के ओलावा असलेला, नियमात बसणारा धान परत जाईल. शेतकऱ्याला कारणही कळणार नाही. आज शिष्यवृत्तीपासून सातबाऱ्यापर्यंत अनेक व्यवहार अशाच लिखित आज्ञांवर चालतात. म्हणून त्या आज्ञा लिहिणाऱ्यांत आणि तपासणाऱ्यांत धानाची बांधी पाहिलेली मुलेही असली पाहिजेत.

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती समजली जाते तेवढी मोठी नाही. पायथॉनमध्ये राखीव शब्द अवघे ३५ च्या आसपास आहेत; त्यांतील इफ, एल्स, फॉर, व्हाइल असे दहा-बारा शब्द सुरुवातीला पुरतात. चलांची नावे तर देवनागरीतही देता येतात. आज्ञा आणि त्यांतील आकडे मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीत उपलब्ध आहे. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही पाहता येतात.

मग भाषा कोणती निवडावी? १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी 'बेसिक' ही भाषा विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून निर्माण केली. तीच परंपरा पुढे चालली. लहान मुलांसाठी चित्रमय ठोकळे जुळवून शिकवणारी 'स्क्रॅच' २००७ मध्ये आली. माध्यमिक विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनपासून आरंभ करणे सोयीचे आहे. महाविद्यालयात 'सी' असेल तर तिच्यापासूनही बिघडत नाही. एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला पहिलीइतका वेळ लागत नाही. मात्र सहा महिन्यांत चार भाषा चाळणाऱ्याला एकही येत नाही.

अभ्यासाची रीत साधी आहे. रोज एक तास द्यावा. पुस्तकातील प्रोग्राम पाठ करू नये; तो स्वतः टंकलिखित करावा, चालवावा, मग त्यातील एक गोष्ट मुद्दाम बदलावी आणि काय होते ते पाहावे. संगणक जवळ नसेल त्या दिवशी आज्ञा वहीत लिहून ओळीओळीने उत्तर काढावे. परीक्षेपुरते प्रोग्राम घोकून गुण मिळतात, पण कोरा पडदा समोर आला की हात थांबतो. पालकांनीही शिकवणी लावण्यापूर्वी एवढेच विचारावे : तेथे मूल स्वतः प्रोग्राम लिहिते, की फळ्यावरचा उतरवून घेते?

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुटीत गावी आल्यावर वसतिगृहातील मुलांसोबत एक दुपार बसावे. त्यांना स्वतःच्या यशाची कथा सांगण्याऐवजी स्वतःचा चुकलेला एखादा प्रोग्राम दाखवावा आणि तो कसा दुरुस्त केला ते सांगावे. चूक करूनच पुढे जायचे असते, हे मुलांना एकदा उमगले की भाषेची भीती राहत नाही.