मालक शेतकरी, कारभारी पगारी : हित कुणाचं?



आपल्या वडवणीतलंच उदाहरण घेऊ. समजा, 300 कापूस उत्पादकांनी मिळून कंपनी काढली. व्यवस्थापक नेमला आणि ठरवलं, ‘जितके जास्त क्विंटल खरेदी, तितकं जास्त कमिशन.’ काय होईल? तो ओला, कवडी कापूससुद्धा घेईल. त्याचं कमिशन वाढेल, तोटा मात्र शेतकऱ्यांच्या माथी. माणूस लबाड होता असं नाही. बक्षीसच चुकीच्या गोष्टीला लावलं होतं!

कंपनी दहा जणांची असते तोवर सगळे रोज भेटतात, चूक लगेच दिसते. ती वाढली की मालक शेतात आणि कारभार ऑफिसात. म्हणून नियम लागतात. यालाच कंपनीचं सुशासन म्हणायचं.

शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. तिचे मुख्य नियम असे :

1. शेतकरी सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच.
2. 5 ते 15 संचालक असतात. त्यांना सभासद निवडून देतात.
3. संचालक मंडळ पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमतं. तो सभासद नसावा लागतो.
4. शेअरवर मर्यादित परतावा मिळतो. शिल्लक नफ्यातून द्यायचा बोनस ज्याने जितका व्यवहार कंपनीशी केला, त्या प्रमाणात.

चौथा नियम नीट बघा. नुसते पैसे गुंतवणाऱ्यापेक्षा आपल्या कंपनीला माल देणाऱ्याचा फायदा जास्त. म्हणजे कंपनीचं हित तेच शेतकऱ्याचं हित.

नाशिक जिल्ह्यात मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ वाढत गेली, तेव्हा मोठं भांडवल लागलं. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला देता येत नाहीत. म्हणून 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे सुमारे 310 कोटी रुपये उपकंपनीत घेतले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

आता वर्गात मुलांना विचारा : ‘वरच्या व्यवस्थापकाचं कमिशन तुम्ही कशावर ठरवाल?’ कुणी म्हणेल कापसाच्या प्रतीवर, कुणी म्हणेल शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावावर. प्रत्येक उत्तरात पळवाट कुठे निघते, तेही त्यांनाच शोधू द्या.

आणि पालकहो, तुम्ही अशा कंपनीचे सभासद असाल तर वार्षिक सभेला नुसती सही करून येऊ नका. दोनच प्रश्न विचारा : कारभाऱ्याचा मोबदला कशावर ठरतो? आणि हिशोब कुणी तपासला? मालकाने विचारलंच नाही, तर कायद्यातला नियम कागदावरच राहतो.