भाड्याच्या जागेतला आपला इतिहास

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, कारण बहिष्कृतांच्या दुःखाला प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांत जागा नव्हती. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. मात्र ‘मूकनायक’चे सगळे अंक आज मिळत नाहीत. छापील कागदाची ही गत, तर संगणकाच्या पडद्यावरच्या अक्षरांचे काय?

समाजातील शिकलेल्या तरुणांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेत आपली संकेतस्थळे उभारली. बाबासाहेबांची भाषणे, बावीस प्रतिज्ञा, अत्याचारांच्या बातम्या त्यांवर आल्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला त्याची पुरेशी दखल घेतली नाही. तेव्हा सत्य देशोदेशी नेण्यात कार्यकर्त्यांची पत्रके, अहवाल आणि इंटरनेट यांचा मोठा वाटा होता. हा आपल्या चळवळीचा दस्तऐवज आहे.

पण ही घरे परक्याच्या जागेवर होती. याहूने ‘जिओसिटीज’ ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. गुगलने ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले आणि तिथल्या समूहांचा सार्वजनिक संग्रहही २०१७ मध्ये काढून टाकला. ‘याहू ग्रुप्स’ला डिसेंबर २०२० मध्ये टाळे लागले. प्रत्येक वेळी आधी नोटीस निघाली, मुदत मिळाली. ज्यांनी मुदतीत सामान हलवले त्यांचे वाचले. जिओसिटीजच्या वेळी ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने रात्रंदिवस खपून जमतील तेवढी पाने उतरवून घेतली. मात्र आपले कोणते पान मोलाचे हे परक्या स्वयंसेवकाला कसे कळणार? ते ओळखण्याचे काम आपलेच आहे.

वकील म्हणून आम्ही आणखी एक बाब सांगतो. पान नुसते छापून कपाटात ठेवले म्हणजे तो पुरावा होत नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून पान कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर उतरवले याची नोंद त्याच दिवशी करावी.

मंद्रूपसारख्या गावातही हे काम होऊ शकते. त्याला मुंबई-पुण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आधी आपल्या जुन्या संकेतस्थळांची यादी करा. जी अजून उघडतात त्यांचे पत्ते ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करा. संपूर्ण मजकूर दोन हार्डडिस्कवर घ्या, एक विहारात आणि दुसरी दुसऱ्या गावी ठेवा. जुनी मराठी पाने श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्टही जपा, नाहीतर पान उघडेल पण वाचता येणार नाही. नंतर मजकूर युनिकोडमध्ये आणा. संकेतस्थळाचे नाव एका व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावे नोंदवा आणि पासवर्ड तिघांकडे असू द्या. कार्यकर्ता गेला की त्याच्याबरोबर पासवर्ड जातो.

आज आपला समाज फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर लिहितो. तीही भाड्याचीच जागा आहे, हे तरुणांनी लक्षात घ्यावे. जयंतीला आपण मंडप, मिरवणूक, रोषणाई यांवर खर्च करतो. त्याच वर्गणीतून दोन हार्डडिस्क आणि संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क निघू शकते. येत्या १४ एप्रिलच्या हिशेबात प्रत्येक मंडळाने एवढी एक ओळ घालावी, ही समाजबांधवांना आमची विनंती आहे. जयभीम!