हुकुमाविना चालते ते सगळेच स्वातंत्र्य नव्हे

पेठ वडगावच्या कोर्टाबाहेर चहा घेताना एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, गटबाजीचा वीट आलाय. नेत्याशिवाय चळवळ चालणारच नाही का?"

प्रश्न रास्त आहे. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने 'सायबरनेटिक्स' हे नियंत्रणाचे शास्त्र मांडले. आपल्या कृतीचा परिणाम आपल्यालाच परत कळावा आणि त्यावरून पुढची चाल सुधारावी, हे त्याचे सार. १९६३ साली इंग्लंडमधील 'अनार्की' या अराज्यवादी मासिकात जॉन मॅकएवन यांनी याच शास्त्राच्या आधारे सांगितले की, वरून हुकूम नसतानाही माणसे स्वतःला संघटित करू शकतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर कोणाच्या हुकुमाने येतो?

पण आमचा उलट सवाल आहे. जातीला तरी कोण हुकूम देतो? तिचे ना कार्यालय, ना अध्यक्ष. कोणी पायरी ओलांडली की दळण बंद, किराणा बंद, मजुरी बंद! माणूस पुन्हा 'जागेवर' येतो. हेही स्वयंनियंत्रणच. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे धुडकावले. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. गावाला आपले आपण चालू द्या म्हणणाऱ्यांनी, त्या गावात आमची जागा कोणती, हे आधी सांगावे.

मग एका नेत्याच्या पायाशी बसायचे? मुळीच नाही! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका सांगितला आणि भिक्खुसंघाचा दाखला दिला. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे संघाला ठाऊक होते. तथागतांनी वारस नेमला नाही. धम्म आणि विनय मागे ठेवला. हुकूम नाही, पण नियम आहे. आमच्याच हातकणंगले तालुक्यातील माणगावात मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तीही ठराव मंजूर करूनच उठली.

बांधवांनो, सुरुवात घरापासून करू या. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विहाराच्या फलकावर लागतो का? आयाबहिणींना सभेत मत आहे, की फक्त स्वयंपाक? पदे दरवर्षी बदलतात का? चूक दाखवणाऱ्याला आपण ऐकतो, की त्याच्यावरच बहिष्कार टाकतो? ज्या मंडळाला आपली चूक कळत नाही, ते नेत्यासह बुडते आणि नेत्याशिवायही बुडते.