बुरशीचे नाव कसे ठरते

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने बुरशीवर बोलावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमचा आणि या शास्त्राचा संबंध कॉलेजात जडलेला नाही. तो वाचनालयाच्या बाकावर आणि साखर कारखान्यातील चिपाडाच्या ढिगापाशी जडला. परंतु नाव लागणे म्हणजे काय, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. ज्या कामगाराचे नाव मस्टरवर नाही, त्याला पगार नाही, रजा नाही आणि अपघात झाला तर भरपाईही नाही. तो कामावर होता हे दहा जणांनी पाहिलेले असते, पण कागद म्हणतो तो नव्हताच. रोगाचेही तसेच आहे. रोग कोणी केला त्याचे नाव ठरत नाही तोवर औषध ठरत नाही आणि जबाबदारीही ठरत नाही. हे नाव कसे ठरवतात, तेवढेच आज समजून घ्यावयाचे आहे.

प्रथम सर्वांच्या आठवणीतले उदाहरण घेऊ. 2021 साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला. वस्तुतः म्युकर वर्गातील ती बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताचा पुरवठा तोडते, आणि मेलेला भाग काळा पडतो. आपण नाव दिले ते गुन्हेगाराला नव्हे, त्याने केलेल्या जखमेला. आता नाकाच्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस नावाची दुसरी बुरशीही वाढू शकते. तिच्यावर व्होरिकोनॅझोल हे औषध उत्तम चालते. म्युकरवर ते चालत नाही, तेथे अँफोटेरिसिन लागते. मग दोघींना ओळखावे कसे? म्युकरचा धागा रुंद, फितीसारखा, आडपडदे जवळजवळ नसलेला आणि बहुधा काटकोनात फुटणारा असतो. अ‍ॅस्परजिलसचा धागा अरुंद, आडपडद्यांचा आणि तिरका फुटणारा. धाग्याच्या एवढ्याशा फरकावर माणसाचा डोळा किंवा जीव वाचणे अवलंबून असते.

रूपावरून ओळखण्याचे हे काम आमच्या धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे 2023 पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकावाचून पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरली की ती काणी. पानावर विटकरी पूड आली की तांबेरा. राख फासल्यासारखे पान दिसले की भुरी. पान पिवळे-पांढरे पडले की केवडा. बाजरीच्या कणसाला दाण्याऐवजी पाल्याच्या जटा फुटल्या की गोसावी. या नावांत निरीक्षण आहे, आणि थोडा विनोदही आहे. मात्र ही नावे झाडावर दिसणाऱ्या लक्षणाची आहेत. तूर उभ्या उभ्या वाळली की आपण ‘मर’ म्हणतो. त्या मरीचा एक कर्ता फ्युजेरियम उडम होय. बटलर या शास्त्रज्ञाने 1910 साली त्याला हे नाव दिले. परंतु पाणी साचलेल्या रानात फायटोप्थोरा नावाचा वेगळाच जीवही तूर वाळवतो. पहिल्यावर उपाय म्हणजे रोगाला दाद न देणारे वाण पेरणे; दुसऱ्यावर पहिला उपाय म्हणजे निचरा. लक्षण एक, कर्ते दोन, उपाय दोन.

शास्त्रज्ञ काय करतो? तो रोगट फांदीचा बारीक तुकडा घेतो, बाहेरची घाण मारण्यासाठी जंतुनाशकातून काढतो आणि बटाट्याचा काढा, साखर व आगर यांच्या थरावर ठेवतो. धागे पसरले म्हणजे त्यांतील एकच बीजाणू वेगळा काढून पुन्हा वाढवतो, म्हणजे भेसळ राहत नाही. मग आठवडाभर त्याकडे पाहावयाचे: वाढ किती झपाट्याने होते, वरून रंग कोणता, खालून कोणता, पोत कापसासारखा की मखमलीसारखा. नंतर निळ्या रंगद्रव्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, त्यांतील कप्पे आणि लांबी-रुंदी मोजावयाची. हे माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात असते. फ्युजेरियमचे मोठे बीजाणू कोयत्याच्या पात्यासारखे वाकलेले आणि आडव्या पडद्यांनी विभागलेले असतात. एक बीजाणू मोजून भागत नाही. अनेक मोजून लहानातला लहान आणि मोठ्यातला मोठा किती ते लिहावे लागते.

या पद्धतीने किती दूर जाता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्या ज्वारीचेच आहे. बाजरीवर केवडा, ज्वारीवरही केवडा. तेव्हा दोन्हींचा कर्ता एकच, असे मानले जाई. 1913 साली जी. एस. कुलकर्णी यांनी दोन्ही नीट तपासले. रात्रीच्या दमट हवेत रोगट पानावर पांढरी लव येते. बाजरीवरील लवेतल्या पिशव्या पाण्यात फुटत आणि त्यांतून पोहणारे सूक्ष्म जीव बाहेर पडत. ज्वारीवरील बीजाणूंतून असे काही निघेना. त्यांना सरळ कोंब फुटे. हा भेद पाहून कुलकर्णी यांनी ज्वारीवरील प्रकाराला एक उपप्रकार म्हणून निराळे नाव दिले. पुढे पुण्यास काम करणारे बी. एन. उप्पल आणि अमेरिकेतील वेस्टन यांनी 1932 साली सिद्ध केले की हा उपप्रकार नसून स्वतंत्र जातीच आहे. 1978 साली ती जाती दुसऱ्या प्रजातीत नेण्यात आली; आज तिचे नाव पेरोनोस्क्लेरोस्पोरा सॉर्गी असे आहे.

कोणी विचारील, नावाच्या या फेरफाराने शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? पडले ते असे: शेजारच्या बाजरीतील गोसावी आपल्या ज्वारीत येईल काय, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही एक की दोन यावर अवलंबून आहे. आणि कथेचा शेवट याहून मोठा आहे. केवड्याचा हा सारा परिवार खरी बुरशीच नव्हे, असे आता ठरले आहे. त्यांच्या पेशीची भिंत मुख्यतः सेल्युलोजसारख्या द्रव्यांची असते, खऱ्या बुरशीसारखी कायटिनची नव्हे. त्यांचे नाते समुद्रातील तपकिरी शैवालाशी अधिक जवळचे आहे. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक केवड्यावर निरुपयोगी ठरते आणि मेटॅलॅक्सिल लागू पडते. उलट खऱ्या बुरशीवर मेटॅलॅक्सिलचा पैसा वाया जातो. द्राक्षाच्या बागाईतदाराने भुरी आणि केवडा यांत गल्लत केली तर त्याचा हंगाम जातो, तो याच कारणाने.

हे नाते कळले कसे? केवळ रूपावर विसंबून ते खात्रीने कळले नसते. रूपाला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली ही की सारखे राहणीमान असलेले परके जीव सारखे दिसू लागतात. दुसरी ही की एकच जीव दोन वेशांत वावरतो. पुष्कळ बुरश्या कधी नर-मादीच्या संयोगाने बीजाणू करतात, कधी त्यावाचून; आणि दोन्ही अवस्था इतक्या निराळ्या दिसतात की शास्त्रज्ञांनी एकाच बुरशीला दोन नावे दिली होती, एका अवस्थेत फ्युजेरियम, दुसऱ्या अवस्थेत गिबरेला. एकाच मजुराची मस्टरवर दोन नावे असावीत, त्यातला प्रकार! ‘एक बुरशी, एक नाव’ हा निर्णय 2011 साली मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला.

या दोन्ही अडचणींत उपयोगी पडला तो डीएनए. प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला वंशाचा लेख असतो. बुरशीचे धागे वाटून, साबणासारख्या द्रव्याने पेशी फोडून आणि मद्यार्क घालून तो वेगळा काढता येतो. संपूर्ण लेख वाचण्याची दर वेळी गरज नसते. आयटीएस नावाचा सुमारे पाच-सातशे अक्षरांचा एक परिच्छेद बुरश्यांत जातीजातीगणिक बराच बदलतो. 2012 साली तो बुरश्यांच्या ओळखीची सर्वसाधारण खूण म्हणून पुढे आला. यंत्रात त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीस प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक. मग अक्षरे वाचून जगाच्या सामायिक संग्रहातील लेखांशी ताडून पाहतात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. यंत्राने नाव सांगितले म्हणजे संपले, असे नाही. त्या संग्रहातील काही लेखांवर मुळातच चुकीचे नाव लागलेले आहे. चुकीच्या दाखल्याशी ताडून पाहिले तर उत्तरही चुकीचेच येणार. शिवाय फ्युजेरियमसारख्या कुटुंबात आयटीएस इतका सारखा असतो की भावाभावांतला भेद कळत नाही. तेथे आणखी जनुके वाचून वंशवृक्ष काढावा लागतो. म्हणून चांगला शास्त्रज्ञ दोन साक्षीदार उभे करतो: एक रूप, दुसरा डीएनए. दोघांची साक्ष जुळली तर निर्णय. न जुळली तर पुन्हा प्रयोगशाळेत.

साक्षी जुळल्या आणि तरीही ही बुरशी कोणत्याच ज्ञात जातीत बसेना, तर ती नवी जाती ठरते. मग तिचे बारसे नियमाने करावे लागते. तिचा एक वाळवलेला अथवा निष्क्रिय केलेला नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. पुढे वाद झाला तर नाव त्या नमुन्याशी बांधलेले असते. वर्णन छापावे लागते. 1935 पासून ते लॅटिनमध्येच लागे. 2012 पासून इंग्रजीही चालते. 2013 पासून नावाची नोंदणी करून क्रमांक घेणेही आवश्यक झाले. आजवर सुमारे दीड लाख जातींची नावे झाली आहेत. हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग यांनी 2017 साली केलेला अंदाज 22 ते 38 लाखांचा आहे. म्हणजे दहा बुरश्यांतील नऊ अद्याप मस्टरबाहेरच आहेत.

आता आमच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे वळतो. ऊस पिळून राहिलेले चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ओलसर असतानाच रचून ठेवले की आतून तापते. पुढे तो ढीग फोडताना जी धूळ उडते, ती श्वासावाटे घेणाऱ्या मजुरास काही तासांनी ताप, खोकला, दम असे होऊ लागते. रात्री ताप येतो, सकाळी उतरतो, पुन्हा कामावर गेला की पुन्हा येतो. अशा माणसास ‘हवापालटाचा ताप’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवलेले आम्ही पाहिले आहे. वारंवार असे होत राहिले तर फुफ्फुस कायमचे आखडते.

1941 साली जॅमिसन आणि हॉपकिन्स यांनी न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय मासिकात या व्याधीला ‘बगॅसोसिस’ हे नाव दिले आणि तिला फुफ्फुसाचा बुरशीचा रोग म्हटले. त्या काळी ते साहजिकच होते, कारण तापलेल्या चिपाडावर पांढरी बुरशीसारखी चादर धरलेली दिसते. 1971 साली इंग्लंडमधील जॉन लेसी यांनी तिच्यातून एक नवी जाती वेगळी काढली आणि थर्मोअ‍ॅक्टिनोमायसीस सॅकराय असे तिचे नाव ठेवले. तिचे धागे बुरशीसारखे, पण फार बारीक; आणि तिचे बीजाणू उष्णतेला न जुमानणारे, अगदी काही जीवाणूंच्या बीजाणूंसारखे. तिच्या डीएनएची साक्षही तीच निघाली: ही बुरशी नव्हे, जीवाणू होय. 2005 साली तिला निराळ्या प्रजातीत बसवून लेसी यांच्याच स्मरणार्थ लेसिएला सॅकराय हे नाव देण्यात आले.

यातून कामगाराचे काय साधले? तीन गोष्टी साधल्या. एक, बुरशीनाशक गोळ्या येथे व्यर्थ आहेत हे कळले. हा संसर्ग नसून धुळीतील बीजाणूंविरुद्ध शरीराने केलेला उठाव आहे, आणि खरा उपाय त्या धुळीपासून दूर राहणे हा आहे. दुसरे, तो जीव उष्णतेत वाढतो हे कळल्यामुळे ढीग तापू न देणे, चिपाडावर प्रोपिऑनिक आम्ल फवारणे, धूळ उडू नये म्हणून ते ओले करून हलवणे, बंद पट्ट्यावरून वाहून नेणे, हे उपाय सुचले. तिसरे, 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत पुढे ‘बगॅसोसिस’ हा शब्द दाखल झाला. जो खोकला तोवर मजुराचे नशीब होता, तो आता मालकाची जबाबदारी झाला.

हे काम परदेशातच होते असे समजण्याचे कारण नाही. पुण्यात 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. 1992 पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे प्राध्यापक आजरेकर यांच्या नावाचे वाळवलेल्या बुरश्यांचे संग्रहालय आहे, आणि 2008 पासून जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. नव्या जातींची ओळख व नोंद तेथे रूप आणि डीएनए या दोन्ही अंगांनी होते.

मात्र प्रयोगशाळेचे काम शेतात आणि कारखान्यात सुरू होते. रोगट पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले तर ते कुजते आणि भलतीच बुरशी वाढते. कागदात गुंडाळून, वर गाव, पीक, तारीख लिहून दिले तरच त्याची साक्ष ग्राह्य ठरते. दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो तेव्हा ‘हे नेमके कशावर?’ असे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. डॉक्टर ‘धुळीचा खोकला’ म्हणतो तेव्हा ‘कोणत्या धुळीचा?’ हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे, आणि आपण काय काम करतो हे डॉक्टरला न विचारता सांगणे हे त्याचे कर्तव्यही आहे. नाव विचारणाऱ्या माणसाला लोक चिकित्सक म्हणून हिणवतात. त्यांनी खुशाल हिणवावे. ज्वारीचा केवडा आणि चिपाडाचा ताप या दोन्हींचा उलगडा झाला, तो अशाच चिकित्सक माणसांनी पहिल्या नावावर समाधान मानले नाही म्हणून.