फटफटीचा आवाज वाढला. पण ताकद वाढली का?

गणपतीला मुंबईहून मुलगा घरी येतो. या खेपेला एस.टी.ने नाही, स्वतःच्या फटफटीवर. गाडी वेशीत शिरायच्या आधीच साऱ्या गावाला वर्दी मिळते, असा तिचा आवाज! गोठ्यातली जनावरे बिचकतात, पाळण्यातले मूल दचकून उठते. तुम्ही विचारता, “काय रे, गाडी बिघडली का?” तो हसून म्हणतो, “नाही आबा, नवा सायलेन्सर बसवलाय. पिकअप वाढतो.”

मंडळी, पिकअप खरेच वाढतो का, आणि त्याची किंमत कोण मोजतो, ते आज समजून घेऊ.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत आपल्याकडची कितीतरी मुले पोटापाण्यासाठी राहतात. तिथे दाट वस्ती, अरुंद रस्ते आणि खोळंबलेली वाहने. धुराला जायला वाट नाही. या धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या मंचाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. न्यायालयाने डिसेंबर 1999 मध्ये व्ही. एम. लाल समिती नेमली, आणि पुढे जुन्या टॅक्स्या सी.एन.जी.वर आल्या.

दुचाकींचेही तसेच झाले. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळे. म्हणून मागे निळा धूर. सन 2000 पासून नियम कडक होत गेले. 1 एप्रिल 2017 पासून दुचाकींना भारत स्टेज-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 लागू झाले. आता नव्या मोटारसायकलने किलोमीटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडता कामा नये. हा वायू ना दिसतो, ना त्याला वास. पण रक्तातल्या प्राणवायूची जागा तो बळकावतो.

सायलेन्सरच्या पोटात काय असते?

पाण्याच्या डिझेल इंजिनाचा एअर फिल्टर चोंदला की काळा धूर येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडले की असे होते. नव्या मोटारसायकलीत हे प्रमाण राखायला छोटा संगणक असतो. धुराच्या नळीतला सेन्सर त्याला खबर देतो. वाटेत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार वस्तू बसवलेली असते. तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. विषारी वायूंचे तो बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो.

बाजारातल्या पुष्कळशा मोकळ्या सायलेन्सरांत हे पोळेच नसते. ते बसवले, वर एअर फिल्टरही उघडा केला, की संगणकाचे गणित चुकते. इंधन कमी पडले तर इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळू शकतात. जास्त पडले तर पेट्रोल फुकट जाते, विषारी धूर वाढतो. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीत ताकदीचा फरक जेमतेम. वाढतो तो आवाज. पी हळद अन् हो गोरी, असे इंजिनाचे होत नाही!

कायदा काय सांगतो?

कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. 2019 च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धूर वा आवाजाचा नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने लायसन्सही जाते. दुचाकीवर पोट असणाऱ्या मुलाचे लायसन्स गेले, तर गावाकडची मनीऑर्डर कशी यायची?

“पण पी.यू.सी. आहे ना!” असे मुलगा म्हणेल. त्या तपासणीत उभ्या गाडीच्या धुरातले दोन-तीन वायूच मोजतात. आवाज मोजत नाहीत, सायलेन्सर उघडून पाहत नाहीत. पी.यू.सी. म्हणजे केलेल्या बदलाला परवाना नव्हे.

तेव्हा घरच्यांनी एवढे करावे. गाडीचा मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नये. तो परत बसवून घ्यावा. एअर फिल्टर वेळेवर साफ करावा वा बदलावा, ऑइल बदलावे, चेन ताणून घ्यावी, टायरात हवा नीट ठेवावी. गाडीचा गेलेला पिकअप बहुधा इथेच परत मिळतो, आणि तोही थोडक्या खर्चात.

बैलाच्या गळ्यात घंटा बांधली म्हणून तो जास्त ओढत नाही. त्याला वैरण-पाणी वेळेवर लागते. मुलाला रागावू नका. एवढेच समजावून सांगा.