नर्स प्रॅक्टिशनर : शुश्रूषेकडून निदानाकडे

बारावीच्या वर्गात दरवर्षी एखादी तरी विद्यार्थिनी प्रयोगवही पुढे करीत विचारते, "सर, मला नर्सिंगला जायचंय. हे प्रकाशाचं शोषण नि द्रवांचा प्रवाह मला कुठे लागणार?" पूर्वी मी "परीक्षेला लागेल" एवढेच सांगून सुटका करून घेत असे. आता मी तिला पुढील प्रसंग सांगतो.

समजा, थंडीच्या रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेल्या एका माणसाला पहाटे रुग्णालयात आणले आहे. तो गुंगीत आहे, डोके दुखते म्हणतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९८ आकडा दाखवतो. म्हणजे रक्तात प्राणवायू भरपूर. मग गुंगी कशाची?

ऑक्सिमीटर हे उपकरण बोटातून दोन प्रकारचा प्रकाश पाठवते. एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि दुसरा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, प्राणवायू नसलेले अधिक शोषते. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत याच्या उलट घडते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर या शोषणात जो चढउतार होतो त्यावरून उपकरण टक्केवारी काढते. येथेच ते फसते. शेगडीतून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, आणि असे हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश जवळजवळ प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनइतकाच शोषते. दोन तरंगलांबींवर चालणाऱ्या उपकरणाला हा भेद कळणे शक्य नाही. रोगी आतून गुदमरत असतो आणि पडद्यावर ९८ झळकत असते!

खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेला हे ओळखता आले, तर पुढे काय? आपल्या नेहमीच्या पद्धतीत ती डॉक्टरांना कळवते आणि आदेशाची वाट पाहते. नर्स प्रॅक्टिशनर मात्र स्वतः रोग्याला तपासते, शेगडीविषयी नातेवाइकांना विचारते, धमनीतील रक्ताची योग्य ती तपासणी सांगते आणि आखून दिलेल्या मर्यादेत उपचारही सुरू करते. निदान करण्याचे शिक्षण आणि त्यासोबत येणारी जबाबदारी, हाच दोघींमधला खरा फरक.

या व्यवसायाचा उगम अमेरिकेत झाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड (१९२०–२०२५) ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मुलांच्या आरोग्यासाठी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड यांनी ग्रामीण भागात आरोग्य परिचारिका म्हणून काम केले होते. जेथे डॉक्टर फिरकत नसत तेथे परिचारिका कितीतरी निर्णय स्वतःच घेत असत. उणीव होती ती रीतसर शिक्षणाची आणि मान्यतेची. सुरुवातीला विरोध झाला, तोही केवळ डॉक्टरांकडून नव्हे, तर परिचर्येतील प्राध्यापकांकडूनही. आज अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या तीन लाखांवर गेली आहे. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीवाचून रोगी तपासता व औषधे लिहून देता येतात. त्यासाठी आधी नर्सिंगची पदवी आणि परिचारिकेचा परवाना, मग पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट आणि शेवटी प्रमाणन परीक्षा, असा लांबचा रस्ता आहे.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २०१६च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, नंतर किमान वर्षभर प्रत्यक्ष रुग्णसेवा आणि त्यानंतर हा अभ्यासक्रम, असा क्रम आहे. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा असते. हा मार्ग मुलांनाही तितकाच खुला आहे, हे मुद्दाम सांगावे लागते याचे वाईट वाटते. अभ्यासक्रमाची ती दोन वर्षे बहुतांशी खाटेजवळच जातात, आणि तेथे आमच्या विषयातली गणिते रोज भेटतात. श्वासनलिकेत घातलेल्या नळीत कफ साचून तिची त्रिज्या पाचव्या भागाने घटली, तर तेवढ्याच दाबाला हवेचा प्रवाह किती उरेल? प्रवाह संथ आहे असे धरल्यास तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, म्हणून अवघा ४१ टक्के! किंवा हे पाहा : ५० किलो वजनाच्या रोग्याला दर किलोमागे दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम औषध द्यायचे आहे आणि ५० मिलिलिटर द्रावणात ते ४ मिलिग्रॅम आहे. पंप ताशी किती मिलिलिटरवर लावाल? स्वतः करून पाहा. उत्तर ३.७५ आले पाहिजे. दशांशचिन्ह एक घर सरकले तर दसपट औषध रक्तात जाईल. वहीत अशा चुकीला अर्धा गुण जातो.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवू नये. भारतात हा व्यवसाय अजून बाळसे धरतो आहे. सर्व रुग्णालयांत या नावाचे पद नाही, आणि अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र दवाखाना काढण्याची मुभा नाही. रुग्णालयाने ठरवलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीतच काम करावे लागते. शिक्षण दोन वर्षांनी वाढले म्हणून पगार आणि अधिकार त्याच हिशेबाने वाढतीलच असे नाही. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्या महाविद्यालयाला मान्यता आहे का, त्याला जोडलेल्या रुग्णालयातील अतिदक्षता विभाग किती खाटांचा आहे आणि तेथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज नेमके कोणते काम करतात, हे तिन्ही प्रश्न तेथे जाऊन विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्राचार्यांच्या खोलीत न घेता वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरकडून घ्यावे.